मोहखेडीच्या डांबरात सदाशिवरावांची कवळी

गिरडच्या रोडवर मोहखेडीचा फाटा लागतो. तिथून गावापर्यंत जे काही जात होतं, त्याला रस्ता म्हणणारे फक्त सरकारी लोक होते. गावातले लोक त्याचं नावच घेत नसत. 'त्याच्यावरून आलो', 'त्याच्यात फसलो', एवढंच म्हणत. उन्हाळ्यात त्याच्यावर घोट्याएवढा फुफाटा असायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल जायची आणि दिवाळीत नांगरटीला सापडायची.

सदाशिवरावांनी आयुष्यातली बरीच वर्षं या रस्त्याच्या मागं घालवली. कापूस-तूर पोरानं बघायची आणि यांनी दर सोमवारी समुद्रपूरला जाऊन ऑफिसच्या बाकावर बसायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं. तिथं ते काही मागत नसत आणि भांडतही नसत. नुसते बसत, आणि साहेब बाहेर आला की उठून उभे राहत. साहेब बदलले, बाक बदललं, सदाशिवराव तेच राहिले. शेवटी एका साहेबाला सोमवारचा चहा घशाखाली उतरेनासा झाला आणि रस्ता मंजूर झाला, असं गावात सांगतात.

रस्ता मंजूर झाल्यावर सदाशिवरावांनी ग्रामसभेत एक नियम करून घेतला. शेजारच्या गावाचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथं डांबर थंड होत नाही तोच कुणी नळासाठी रस्ता खोदला, कुणी वायरीसाठी, आणि एकानं तर पोरीच्या लग्नाच्या मांडवाचे बांबू रोवायला. म्हणून ज्याला जो पाइप रस्त्याखालून न्यायचा असेल त्यानं तो काम सुरू व्हायच्या आत नेऊन घ्यावा, आणि एकदा रस्ता झाला की त्याला कुणी सब्बल लावायची नाही, मग तो कुणीही असो. सरपंच मोहिनीताईंनी हा नियम वाचून दाखवला, सगळ्यांनी हात वर केले. सदाशिवरावांनी दोन्ही हात वर केले.

ग्रामसभेला बंडूजी नव्हते, ते बाहेरगावी होते. बंडूजींचं किराणा दुकान गावात शिरताना पहिलंच. दुकानाच्या मागं त्यांची विहीर आणि रस्त्याच्या पलीकडं त्यांची संत्र्याची बाग. विहिरीचं पाणी बागेत जायचं ते रस्त्यावरूनच, एका उघड्या पाइपातून. बंडूजी परतले तेव्हा गिट्टी पसरून रोलर फिरून झाला होता आणि पाइपाचे तुकडे नालीत पडले होते. ते सरळ सदाशिवरावांकडे आले आणि वीतभर पट्टी कापू दे म्हणाले. इतके दिवस कुठं होतास विचारलं तर कामानं गेलतो, एवढंच बोलले. सदाशिवरावांनी चार लोकांसमोर सांगितलं की नियम म्हणजे नियम, आज तुझी वीत, उद्या दुसऱ्याचा हात.

बंडूजी परत गेले. दोघं एकाच म्हशीवर बसून नाल्यात डुंबलेले, एकमेकांना जन्मभर अरे-तुरे करणारे. त्या दिवसापासून बंडूजी सदाशिवरावांना 'तुम्ही' म्हणू लागले. ड्रममध्ये पाणी भरून ते बैलबंडीनं रस्त्यापलीकडं नेत आणि जाताना सदाशिवरावांच्या घराकडं बघून अदबीनं रामराम घालत. शिवी परवडली असती.

आता दातांचं. सदाशिवरावांचे दात बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते आणि त्यांचं काही अडत नव्हतं. पण कौशल्याबाईंच्या भावाच्या मुलीचं, वर्षालीचं, लग्न हिंगणघाटला ठरलं. कौशल्याबाईंनी नवऱ्याला बजावलं की एवढ्या पाहुण्यांत मी बोळक्या तोंडाचा माणूस घेऊन जाणार नाही. मग सावंगीच्या दवाखान्यात चार-पाच चकरा झाल्या आणि खालची-वरची अशी पूर्ण कवळी बनून आली. दात इतके देखणे होते की सदाशिवराव घरी आले तेव्हा कुत्रं त्यांच्यावर भुंकलं.

एकच भानगड झाली. वरची कवळी घातली की 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. आणि सदाशिवरावांचं सगळं बोलणं म्हणजे सोमवार, समुद्रपूर, साहेब आणि सडक. स्वतःचं नाव सांगतानासुद्धा कुकर झाल्यासारखं वाटायचं. डॉक्टर म्हणाले होते, सवयीनं जाईल. तोवर सदाशिवरावांनी असा तोडगा काढला की साधं बोलायचं असेल तर दात घालायचे आणि महत्त्वाचं बोलायचं असेल तर वरची कवळी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायची. त्यामुळं त्यांचा हात तोंडाकडं गेला की समोरचा माणूस सावध होऊ लागला.

डांबर पडायचा दिवस मे महिन्यातला होता. फाट्याकडून टिप्पर येत होते, मशीन वाफाळलेली काळी गिट्टी पसरत होती आणि मागून रोलर चालला होता. कामावर ठेकेदाराचा सुपरवायझर होता प्रफुल, हिंगणघाटचा पोरगा, स्वभावानं गरीब. त्याच्यामागं सदाशिवराव सकाळपासून एक लोखंडी कांब घेऊन फिरत होते. कांबेला त्यांनी खूण केली होती. गरम डांबरात ती खुपसायची आणि खुणेपर्यंत गेली तर पुढं जायचं. प्रफुलनं सुरुवातीला चार वेळा समजावलं, मग नाद सोडला.

बंडूजींच्या दुकानासमोर कांब खुणेच्या जरा आधीच अडली. सदाशिवरावांनी काम थांबवलं. प्रफुल म्हणाला की खाली गिट्टीचा दगड लागला असेल, बाजूला खुपसून पाहा. सदाशिवरावांचा हात तोंडाकडं गेला. वरची कवळी काढून त्यांनी खिशात टाकली आणि मग जे काही बोलले ते शिट्टीविना, अगदी स्पष्ट बोलले. बोलता बोलता खाली वाकून त्यांनी बाजूला पुन्हा कांब खुपसली. ती नीट खुणेपर्यंत गेली. ते समाधानानं मागं सरले आणि प्रफुलनं रोलरवाल्या अंकितला हात केला. अंकितनं उन्हामुळं कानांवरून दुपट्टा बांधला होता. त्याला हात तेवढा दिसायचा, ऐकू काही यायचं नाही.

रोलर निम्मा पुढं गेल्यावर सदाशिवरावांनी खिशात हात घातला. खिशात तंबाखूची पुडी होती. दुसऱ्या खिशात चष्म्याचं घर होतं. त्यांनी तोंडातही बोट घालून पाहिलं. मग ते ओरडले, पण अंकित रोलर घेऊन मागं आला, पुन्हा पुढं गेला, आणि लोक हातवारे करताहेत म्हणजे शाबासकी देताहेत असं समजून आणखी एकदा फिरवून थांबला.

रोलर बाजूला झाला तेव्हा काळ्याकुळकुळीत डांबरात वरची कवळी दात वर करून बसली होती. डांबर मऊ होतं म्हणून एक दातही फुटला नव्हता. कडा अशा बरोबर बसल्या होत्या की गवंड्यानं मुद्दाम फरशी बसवावी. लोक भोवती जमले. रस्ता गावाकडं तोंड करून हसत होता.

प्रफुल फावडं घेऊन धावला. म्हणाला, काकाजी, गरम आहे तोवर एका घासात निघते, वरून थोडा माल टाकून दाबून देतो, कुणाला कळणार नाही. सदाशिवराव मान हलवणार, एवढ्यात त्यांचं लक्ष दुकानाच्या पायरीकडं गेलं. बंडूजी तिथं सुपारी कातरत बसले होते.

"काढा न भाऊ," बंडूजी शांतपणे म्हणाले. "तुमचेच दात आहे. मंग मी बी उद्या पाइप टाकून घेतो."

सगळे सदाशिवरावांकडं बघू लागले. डांबर निवत चाललं होतं. प्रफुल फावडं धरून उभा होता. सदाशिवरावांनी एकदा दातांकडं पाहिलं, एकदा फाट्यापर्यंत गेलेल्या काळ्या पट्ट्याकडं पाहिलं.

"राहू दे, प्रफुल," ते म्हणाले. "चालव रोलर."

आणि अंकितनं, यावेळी दुपट्टा सोडून, दातांवरून हळूच आणखी एक फेरी मारली.

कौशल्याबाईंना ही बातमी सदाशिवराव घरी पोचण्याआधी कळली होती. त्या डोक्यावर पदर घेऊन दुकानापर्यंत गेल्या, दात पाहिले, परत आल्या आणि चुलीपुढं बसून म्हणाल्या, "इतकं हासून तर माह्याकडे कधी पाह्यलं नाई." त्या दिवशी सदाशिवरावांना कडक भाकर मिळाली.

सुनेला, सपनाला, सासऱ्याची दया आली. खोदायचं नाही ना, मग डांबर पातळ करून काढू, असं तिनं सुचवलं आणि दुपारी आपला केस वाळवायचा ड्रायर घेऊन रस्त्यावर बसली. वायर समोरच्या घरातून आणली. तिनं बराच वेळ गरम वारा सोडला. दातांवरची धूळ उडून ते आणखी चमकायला लागले, दुसरं काही झालं नाही. मग लाइन गेली.

इकडं दातांची कीर्ती पसरली. गिरडला दर्ग्यावर जाणारे लोक फाट्यावर वळून रस्त्यातले दात बघायला येऊ लागले, आणि आले की बंडूजींच्या दुकानातून काहीतरी घेऊन जात. बंडूजींनी दातांभोवती चार विटा मांडल्या. कुणी विचारलं तर सांगत, भाऊचे दात आहे, कोनाचा पाय लागू नये. खरं म्हणजे कुणी गुपचूप दात काढू नये म्हणून ते पहारा करत होते. कुणीतरी दातांपुढं झेंडूचं फूल ठेवलं, ते सदाशिवरावांनी स्वतः जाऊन उचललं.

गावात पहिल्यांदा एसटी आली तेव्हा तर कमालच झाली. मोहिनीताईंनी नारळ फोडला, बस फाट्यावरून झोकात आली आणि विटांपाशी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं दात पाहिले आणि कुणाचे आहेत विचारलं. लोकांनी सदाशिवराव दाखवले. ड्रायव्हरनं हात जोडले आणि म्हणाला, या माणसामुळं रस्ता झाला म्हणता, मग त्याच्या तोंडावरून मी गाडी नेणार नाही. सदाशिवरावांनी खुशाल ने म्हणून सांगितलं, पण तो ऐकेना. त्यानं बस तिथंच वळवली. गावाच्या पलीकडच्या टोकाच्या लोकांनी, ज्यांच्या दारापर्यंत बस यायची होती, मोहिनीताईंना गाठलं आणि आता याचा निकाल लावा म्हणाले.

मोहिनीताईंनी सभा बोलावली. प्रश्न एकच होता: दात काढणं म्हणजे रस्ता खोदणं होतं का. एकाचं म्हणणं पडलं की दात वरून पडले आहेत, खालून उगवलेले नाहीत, म्हणून त्यांना काढणं म्हणजे उचलणं. दुसरा म्हणाला की रस्त्यात जे बसलं ते रस्त्याचं झालं, आता ते सरकारी दात आहेत. प्रफुलला विचारलं तर तो घाबरून म्हणाला की काही वर्षं रस्त्याची जिम्मेदारी ठेकेदाराकडं आहे, त्यामुळं दातांचीही असेल बहुतेक. सदाशिवराव एका कोपऱ्यात तोंड मिटून बसले होते. बंडूजी दुसऱ्या कोपऱ्यात होते.

खूप चर्चा झाल्यावर मोहिनीताईंनी निकाल दिला. सब्बल, फावडं, टिकास, घण यांनी केलं तर ते खोदणं. घरातल्या साध्या चमच्यानं जे निघेल ते खोदणं नाही. सगळ्यांना हे पटलं. सदाशिवराव उठून घरी चमचा आणायला निघाले.

"म्हंजे हा कायदा सगळ्याइलेच लागू आहे न, ताई?" बंडूजींनी विचारलं.

मोहिनीताई हो म्हणून बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की कावळेसुद्धा बंडूजींच्या दुकानाच्या सावलीला येऊन बसले होते. रस्त्यावर सदाशिवराव डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, पोत्यावर बसून, चहाच्या चमच्यानं आपल्या दातांच्या कडा कोरत होते. आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बंडूजी, तसंच पोतं टाकून, रस्त्याच्या कडेला चमच्यानं पाइपाची नाली खणत होते. त्यांच्या हातात मोठा चमचा होता. सदाशिवरावांनी तो पाहिला आणि हा चमचा नसून सराटा, म्हणजे उलथनं, आहे अशी हरकत घेतली. बंडूजींनी सांगितलं की आमच्या घरी याच्यानंच भात वाढतात. मोहिनीताईंना बोलावणं गेलं. त्यांनी येऊन सराटा जप्त केला आणि दोघांना एकाच मापाचे चमचे दिले.

प्रफुल साइडपट्टीवर मुरूम टाकून घेत होता. दोन म्हातारे आपला रस्ता चमच्यानं खातायत हे तो बघत होता आणि डांबर किती पक्कं आहे याचा त्याला आतून आनंद होत होता. खरोखरच काही निघत नव्हतं. सदाशिवरावांचा चमचा वाकला, त्यांनी तो सरळ केला, पुन्हा वाकला. बंडूजींनी तासाभरात चिमूटभर काळी भुकटी काढली आणि ती वाऱ्यानं उडून गेली.

दोघांचे सदरे घामानं भिजले. बंडूजींनी दुकानातून पाण्याची कॅन मागवली, स्वतः प्यायले आणि ती सदाशिवरावांकडं सरकवली. सदाशिवरावही प्यायले. मग त्यांनी विचारलं की एवढं चमच्यानं खणायची पाळी आली, त्यापेक्षा वेळेवर पाइप का टाकला नाही, एवढं कोणतं काम होतं.

बंडूजींनी चमचा सदऱ्याला पुसला.

"सिंधूचं पोटाचं आपरेशन होतं," ते म्हणाले. "सावंगीले होतो आमी. पंधरा दिवस."

सिंधूबाई म्हणजे बंडूजींची बायको. त्या माहेरी गेल्यात असं गावात सगळ्यांना वाटत होतं. सदाशिवराव दातांसाठी सावंगीला चकरा मारत होते ते दिवस तेच. एकाच दवाखान्याच्या आवारात एक जण दात बसवायला हिंडत होता आणि दुसरा बायकोच्या उशाशी बसला होता.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तिनंच सांगू नोको म्हनलं. लोक येतीन, रडतीन, तिले चाय ठेवा लागन." बंडूजींनी कॅनचं झाकण लावलं. "आता बरी आहे ती. पन मी आलो तर तुमी चार लोकाइत—"

"तुमी नोको म्हनू," सदाशिवराव म्हणाले.

 सदाशिवरावांना आता त्या चार लोकांतला प्रत्येक जण आठवत होता आणि आपण कसे कमरेवर हात ठेवून उभे होतो तेही. बंडूजींच्या बागेतली पुढची दोन-तीन झाडं पिवळी पडली होती. ती त्यांनी रोज पाहिली होती, तरी आजच पाहिल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि प्रफुलला हाक मारली. विचारलं की बाबा, रस्ता न कापता पाइप पलीकडं न्यायचा काही उपाय आहे का.

प्रफुल म्हणाला, आहे की. रस्त्याच्या बाहेर खड्डा करायचा आणि तिथून लोखंडी पाइप आडवा ढकलत न्यायचा, आतून पाणी सोडत. वरच्या डांबराला धक्काही लागत नाही. सगळीकडं असंच करतात.

सदाशिवरावांनी विचारलं की मग हे इतके दिवस सांगितलं का नाहीस.

"काकाजी, तुमी मले बोलू कुठं देल्लं?" प्रफुल म्हणाला.

हे इतकं खरं होतं की सदाशिवरावांनी तोंडाकडं हातही नेला नाही.

पुढचे दोन दिवस मोहखेडीत दुसरं काम झालं नाही. विहिरीच्या बाजूला खड्डा झाला. पाइप ढकलायला गावातले सगळे धडधाकट लोक लागले. पाइप सरळ चालला आहे का हे कळावं म्हणून सदाशिवराव रस्त्यावर पालथे झोपून डांबराला कान लावायचे आणि ठकठक कुठं येते ते ओरडून सांगायचे. एकदा ते ऐकत ऐकत सरकत दातांपाशी पोचले आणि त्यांचा गाल त्यांच्याच दातांना टेकला. बघणारे लोक हसून हसून पाइप सोडून बसले. तरी पाइप बागेच्या धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, ठरल्या जागेपासून हातभर लांब, बाहेर निघाला. बंडूजींनी मोटर सुरू केली. आधी लाल चिखल आला, मग पाणी. सिंधूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ज्यांना सांगायचं नव्हतं ते सगळे त्यांना भेटून गेले आणि चहा कौशल्याबाईंनी ठेवला.

दात राहिलेच होते. आता बंडूजींची काही हरकत नव्हती. उलट ते स्वतः छिन्नी घेऊन आले आणि डोळे मिटून घे, मी काढतो, म्हणाले. पण सदाशिवराव तयार होईनात. तुझ्यासाठी रस्ता कापला नाही, माझ्यासाठी कसा कापू, हे त्यांचं म्हणणं. लग्न दोन दिवसांवर आलं होतं. कौशल्याबाईंनी शालूला इस्त्री केली होती आणि त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघायचं टाळत होत्या.

अशात रस्ता तपासायला एक सरकारी मॅडम आल्या. त्यांच्या गाडीत एक यंत्र होतं. त्यानं रस्त्यातून गोल वडीसारखा तुकडा कापून काढतात आणि डांबर किती जाड आहे, माल कसा आहे ते पाहतात. भोक लगेच बुजवतात. मॅडम रस्त्यानं चालत चालत जागा निवडत होत्या. विटांपाशी त्या थांबल्या. खाली वाकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

प्रफुलच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी त्याला विचारलं की डांबरात ही परकी वस्तू काय आहे. प्रफुल काही बोलायच्या आत बंडूजींनी सदाशिवरावांना पुढं केलं आणि तोंड उघडून दाखव म्हणाले. सदाशिवरावांनी तोंड उघडलं. मॅडमनी वरती रिकामं तोंड पाहिलं, खाली रस्त्यातले दात पाहिले, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. मग त्या म्हणाल्या की मालात परकी वस्तू असेल तर नमुना तिथलाच घ्यावा लागतो.

सदाशिवरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी मॅडमना पोरीला द्यावा तसा आशीर्वाद दिला. खोदणारं सरकार, जागा नियमाप्रमाणं, यात कुणाचा दोष नाही. यंत्र लागलं, घरघरलं, पाणी उडालं, आणि डांबराची एक जाड गोल वडी वर आली. वडीच्या माथ्यावर कवळी जशीच्या तशी. पुरणपोळीच्या ताटात कुणी नारळाचे काप लावावेत तसे दात दिसत होते.

सदाशिवरावांनी दोन्ही हात पुढं केले. मॅडमनी वडी पिशवीत घातली.

त्या म्हणाल्या की हा नमुना आहे, तो प्रयोगशाळेत जाणार. बंडूजींनी सांगून पाहिलं की मॅडम, माणसाचे दात आहे, परवा लग्न आहे. मॅडमनाही वाईट वाटलं, पण नमुना फोडून द्यायची त्यांना परवानगी नव्हती. तपासणी झाली की येऊन घेऊन जा, मी सांभाळून ठेवते, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. लोकांना वाटलं की आता म्हातारा काही बोलेल. सदाशिवराव पिशवीकडं बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं की जाण्याआधी इथंच जाडी मोजून दाखवाल का.

मॅडमनी पट्टी लावून मोजली. जाडी पुरेपूर होती, किंचित जास्तच.

सदाशिवरावांचा चेहरा असा खुलला की कौशल्याबाई पुढं म्हणायच्या, दात असताना कधी इतका खुलला नव्हता. त्यांनी प्रफुलच्या पाठीवर थाप मारली. प्रफुलच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भोकात गरम माल भरला, आणि अंकित रोलर आणायला निघाला तेव्हा तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपापला खिसा चाचपून पाहिला.

हिंगणघाटच्या लग्नात सदाशिवराव मोहखेडीहून सकाळच्या पहिल्याच बसनं गेले, बरोबर बंडूजी. कौशल्याबाईंनी सक्त ताकीद दिली होती की तोंड उघडायचं नाही. त्यामुळं ते मांडवात ओठ घट्ट मिटून, ताठ बसून राहिले. फोटोवाला हसा म्हणाला तरी हसले नाहीत. नवरदेवाचे वडील, बबनराव म्हणून हिंगणघाटचे व्यापारी, यांनी ते पाहिलं आणि मुलीच्या आत्याचे यजमान आपल्यावर नाराज आहेत असं त्यांना वाटलं. त्यांनी आधी सरबत पाठवलं. मग पंखा त्यांच्याकडं वळवला. मग स्वतः येऊन हात जोडले आणि व्यवस्थेत काही कमी राहिलं का विचारलं. सदाशिवरावांनी मान हलवली. ते होकारासारखंही दिसलं आणि नकारासारखंही. बबनराव घाबरून आणखी दोन नातेवाईक घेऊन आले.

शेवटी बंडूजी उठले. त्यांनी बबनरावांना खुर्चीवर बसवलं आणि रस्ता, रोलर, चमचे, मॅडम, सगळं पहिल्यापासून सांगितलं. बबनरावांचा विश्वास बसेना. ते सदाशिवरावांकडं वळले.

"खरंच, काकाजी?"

सदाशिवरावांनी कौशल्याबाईंकडं पाहिलं. त्या बायकांच्या रांगेतून बघत होत्या, आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग सदाशिवरावांनी तोंड उघडलं, चांगलं मोठं, आणि बबनरावांना आत डोकावून पाहू दिलं. बबनराव असे हसले की भटजींनी मंगलाष्टक थांबवलं. जेवायला बसताना त्यांनी सदाशिवरावांच्या पानात बुंदीचा लाडू स्वतःच्या हातानं चुरून वाढला.